पळसाला पानं तीन, रंगाला कडी तीन

फाल्गुनात हिमायतनगरकडून इस्लापूरला यायला निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला दिसतो. साग पानं टाकून उघडे पडलेले, गवत वाळून गेलेलं, सहस्रकुंडाला पैनगंगेचं पाणी ओसरून काळा खडक वर आलेला, आणि त्या रखरखाटात ही एवढी केशरी फुलं. रंगपंचमीच्या आदल्या रात्री ती पाण्यात भिजत घालायची, सकाळी उकळायची, वरून चुन्याची निवळी सोडायची. फिकट पिवळं पाणी बघता बघता गडद नारिंगी होतं.

इस्लापूर हा तसा सरहद्दीचा मुलूख. हैदराबाद राज्य होतं तेव्हा इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि किनवट तालुक्याबरोबर ते मुंबई राज्यात आलं. पलीकडच्या तेलुगू गावांत याच झाडाला मोदुगा म्हणतात. नकाशावरची रेघ सरकली तरी पळसाला पानं तीनच राहिली. त्या पानांच्या पत्रावळी होतात, डिंक कमरकस म्हणून बाळंतिणीच्या लाडवात पडतो, बियांची पळसपापडी जंतांवर देतात. आपल्याला मात्र या प्रकरणात पळस हवा आहे तो त्याच्या फुलातल्या पिवळेपणासाठी.

कारण हा पिवळेपणा ज्या घराण्यातला, त्या घराण्याबद्दल 2020 नंतर फार मोठं बोललं जाऊ लागलं. सर्दी, फ्लू, करोना अशा श्वसनमार्गाच्या विषाणूंवर झाडांतली ही द्रव्यं औषध ठरतील, असा दावा आहे. तो खोटा नाही. पण तो जिथे खरा आहे ती जागा आणि आपलं नाक, यांच्यात बरंच अंतर आहे. हे प्रकरण त्या अंतराचं आहे.

या घराण्याचं नाव फ्लॅव्होनॉइड. लॅटिन भाषेत पिवळ्या रंगाला फ्लावुस म्हणतात, त्यावरून. सहा-सहा कार्बनची दोन कडी आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनचा पूल, असा पंधरा कार्बनचा सांगाडा. बहुतेक फ्लॅव्होनॉइडांत हा पूल एका ऑक्सिजनला हाताशी धरून स्वतःच वळतो आणि मधलं तिसरं कडं तयार होतं. पळसाला पानं तीन, तशी या रंगाला कडी तीन. गंमत अशी की पळसाच्या फुलातलं मुख्य द्रव्य या नियमाला अर्धवटच पाळतं. ब्युटीन नावाचं हे द्रव्य चाल्कोन जातीचं, म्हणजे मधलं कडं अजून मिटलेलं नाही असं. ताज्या फुलात ते साखरेला चिकटून आयसोब्युट्रिन म्हणून असतं. फूल वाळत गेलं की कडं हळूहळू मिटतं, ब्युट्रिन होतं आणि रंग उतरतो. जुन्या वाळक्या फुलांचा रंग ताज्यासारखा खुलत नाही, ही बायकांची तक्रार रसायनशास्त्राला धरून आहे. चुन्याच्या निवळीने रंग चढतो तोही यामुळेच: अल्कलीत मिटलेलं कडं पुन्हा उघडतं.

या फुलांच्या रंगावरचा हमेल आणि पर्किन यांचा निबंध 1904 साली इंग्लंडात प्रसिद्ध झाला. यातले पर्किन म्हणजे आर्थर जॉर्ज. त्यांच्या वडिलांनी, विल्यम पर्किन यांनी, 1856 मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला आणि नीळ-मंजिष्ठाच्या व्यापाराची घरघर सुरू झाली. मुलाने मात्र आयुष्य झाडांचे रंग उलगडण्यात घालवलं. बापाने मोडलेल्या दुकानाची वही मुलाने लिहून ठेवावी, तसं.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध मात्र पळसापुरता नाही. के. वेंकटरामन हे मद्रासकडचे रसायनशास्त्रज्ञ लाहोरला शिकवत असताना, 1930च्या दशकाच्या सुरुवातीला, फ्लॅव्होनॉइड प्रयोगशाळेत घडवण्याची एक युक्ती त्यांनी शोधली. इंग्लंडात बेकर यांनाही स्वतंत्रपणे तीच सापडली. बेकर-वेंकटरामन पुनर्रचना या नावाने ती आजही पदव्युत्तर वर्गात शिकवतात. पुढे वेंकटरामन माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे संचालक झाले आणि 1957 मध्ये पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. ज्या पाषाणच्या रस्त्यावरून आपण बसने जातो, तिथे या घराण्याचं गोत्र ज्याला तोंडपाठ होतं असा माणूस बसत होता. आपल्या विज्ञानलेखनात त्याचं नाव फारसं येत नाही, हे मला नेहमी खटकतं.

झाड ही द्रव्यं बनवतं कशाला? हौसेखातर नक्कीच नाही. उत्तर मराठवाड्याच्या शेतात उभं आहे. ज्वारीच्या पानावर बुरशी बसली की त्या जागी तांबूस-जांभळा ठिपका पडतो. शेतकरी त्याला रोग म्हणतो, आणि रोग आहेच. पण तो तांबडा रंग बुरशीचा नसतो, ज्वारीचा असतो. बुरशीचा तंतू ज्या पेशीत घुसू पाहतो त्या पेशीत एपिजेनिनिडिन आणि ल्युटिओलिनिडिन ही फ्लॅव्होनॉइड घराण्यातली दोन रंगद्रव्यं बारीक थेंबांत साठतात. थेंब हल्ल्याच्या जागेकडे सरकतात आणि तिथे फुटतात. बुरशी मरते, बहुधा ती पेशीही मरते, पान वाचतं. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे झालेल्या लढाईची जागा.

सोयाबीनचं आणखी वेगळं. लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला पेरणीआधी बियाण्याला रायझोबियमचं संवर्धक चोळायची सवय आहे. त्या जिवाणूंना मूळ सापडतं कसं? सोयाबीनचं मूळ मातीत जेनिस्टिन आणि डेडझीन ही फ्लॅव्होनॉइडं सोडतं. जिवाणू तो निरोप ओळखतात आणि मुळांवर गाठी धरतात. एकाच घराण्यातली द्रव्यं, ज्वारीत हत्यार आणि सोयाबीनमध्ये आवतण. आजवर अशी सहा हजारांहून अधिक फ्लॅव्होनॉइडं ओळखली गेली आहेत. कांद्यात क्वेर्सेटिन, तुळशीत एपिजेनिन आणि ल्युटिओलिन, मोसंबी-संत्र्यात हेस्पेरिडिन, चहात कॅटेचिन. करडईच्या पाकळ्यांचा पिवळा रंगही याच कुळातला.

आता विषाणूकडे येऊ. विषाणूला स्वतःचं घर नाही, चूल नाही. आपल्या नाका-घशातल्या पेशीला चिकटायचं, आत शिरायचं, तिच्याच यंत्रणेवर आपल्या प्रती काढायच्या आणि बाहेर पडायचं, एवढाच त्याचा संसार. या वाटेवर काही अडचणीच्या जागा असतात. करोनाचा विषाणू आपली प्रथिनं एका लांब पट्टीत तयार करतो आणि मग आपल्याच एका कात्रीने त्या पट्टीचे तुकडे पाडतो. कात्री अडली की काम अडलं. फ्लूच्या विषाणूला पेशीतून सुटताना न्यूरामिनिडेज नावाची दुसरी कात्री लागते. फ्लॅव्होनॉइडचा रेणू चपटा असतो, त्याच्या कडेला चिकटायला उत्सुक असे हायड्रॉक्सिल गट असतात, आणि प्रथिनांच्या खाचांत तो बरा बसतो. चिनी औषधी मुळीतलं बायकॅलीन करोनाच्या कात्रीत नेमकं कसं जाऊन बसतं, याचं क्ष-किरण चित्रसुद्धा 2020 मध्ये मिळालं. क्वेर्सेटिन फ्लूच्या आणि सर्दीच्या विषाणूंना काचपात्रात रोखतं, हे तर कितीतरी प्रयोगशाळांनी दाखवलं आहे.

इथे मला एक शंका नोंदवावीशी वाटते, आणि ती माझी एकट्याची नाही. जो ज्याला भेटेल त्याच्या गळ्यात पडतो, त्याच्या मैत्रीवर कितपत भरवसा ठेवायचा? क्वेर्सेटिनसारखे रेणू पाण्यात एकमेकांना चिकटून गोळे करतात आणि त्या गोळ्यांना कुठलंही प्रथिन अडकतं. चाचणीत मात्र तेवढं ‘कात्री बंद पडली’ असंच दिसतं. औषधरसायनशास्त्रात अशा फसव्या रेणूंची एक बदनाम यादीच 2010 पासून वापरात आहे, आणि क्वेर्सेटिनच्या एका टोकाला असलेला कॅटेचॉल हा गट त्या यादीत मोडतो. म्हणून ‘अमुक झाडाचा अर्क विषाणू मारतो’ ही बातमी वाचली की मी आधी एवढंच विचारतो: कशात? काचपात्रात की माणसात?

माणसातही पाहून झालं आहे, आणि ती गोष्ट आपल्याकडे सांगितली जात नाही. इंग्लंडात सॉल्झबरीजवळ युद्धकाळातल्या एका इस्पितळाच्या बराकीत 1946 पासून सर्दी संशोधन केंद्र होतं. तिथे धडधाकट स्वयंसेवक येत, दहा-बारा दिवस फुकट राहत-खात, थोडा हातखर्च घेत, आणि बदल्यात नाकात सर्दीचे विषाणू सोडून घेत. कित्येकांनी ती सुट्टी म्हणून साजरी केली. 1980च्या सुमारास वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्लॅव्होनॉइडांच्या सांगाड्यावर बेतलेला डायक्लोरोफ्लॅव्हन नावाचा रेणू सर्दीच्या रायनोव्हायरसला फार थोड्या मात्रेत रोखतो असं दिसलं होतं. 1982 मध्ये जपानमधल्या रोश कंपनीच्या संशोधकांना एका चिनी औषधी वनस्पतीतलं फ्लॅव्होन तसंच गुणी आढळलं. त्याच धर्तीवर त्यांनी एक चाल्कोन बनवलं. चाल्कोन म्हणजे आपल्या पळसाच्या ब्युटीनच्या जातीचं, उघड्या कड्याचं.

ही औषधं सॉल्झबरीच्या स्वयंसेवकांना मिळाली. डायक्लोरोफ्लॅव्हन तोंडावाटे दिलं, सर्दी थांबली नाही. हे 1983 मध्ये छापून आलं. चाल्कोन तोंडावाटे दिलं, सर्दी थांबली नाही. हे 1984 मध्ये. मग वाटलं, पोटातून नाकापर्यंत पोचतच नसेल, म्हणून ते सरळ नाकात फवारलं. तरी सर्दी थांबली नाही. हे 1987 मध्ये. काचपात्रात तिखट असलेलं औषध नाकाच्या ओल्या, सतत वाहत्या अस्तरावर बोथट ठरलं. 1990 मध्ये केंद्रच बंद झालं. विषाणू तेच, रेणू उत्तम, माणसं तयार, आणि तरी हार. फ्लॅव्होनॉइडांवरच्या प्रत्येक उत्साही लेखाच्या सुरुवातीला हे तीन निबंध छापायला हवेत असं माझं मत आहे.

हार का झाली, याचा अर्धा उलगडा कांद्याने होतो. 100 ग्रॅम कांद्यात साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम क्वेर्सेटिन असतं. ते सर्वांत जास्त बाहेरच्या पापुद्र्यांत असतं, म्हणजे आपण जे सोलून उकिरड्यावर टाकतो त्यात. हॉलंडमध्ये 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कांद्यातल्या क्वेर्सेटिनपैकी सुमारे निम्मं आतड्यात शोषलं गेलं. शुद्ध क्वेर्सेटिनची पूड दिली तर जेमतेम चौथा हिस्सा. कांद्यात त्याला साखर चिकटलेली असते आणि ती साखर त्याला आतड्याचं दार उघडून देते. इथवर कांद्याची बाजू भक्कम आहे. पण दारातून आत आल्या आल्या आतडं आणि यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्लाची, सल्फेटची झूल चढवतात, म्हणजे परक्याला ओळखून बाहेर काढायची तयारी करतात. रोजच्या जेवणानंतर रक्तात जे उरतं ते काचपात्रातल्या मात्रेच्या मानाने फार थोडं, बहुधा दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि तेही झुलीत गुंडाळलेलं.

मग माणसांवर काहीच चाललं नाही का? तसंही नाही. 2007 मध्ये अमेरिकेत 40 सायकलपटूंवर एक चाचणी झाली. निम्म्यांना रोज 1000 मिलिग्रॅम क्वेर्सेटिन, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. तीन दिवस रोज तीन-तीन तास दमछाक करून सायकल चालवल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत क्वेर्सेटिनवाल्या वीसांपैकी एकाला सर्दी-पडसं झालं, दुसऱ्या वीसांपैकी नऊ जणांना. हा आकडा दुकानदारांनी खूप मिरवला. मग 2010 मध्ये 1002 प्रौढांवर बारा आठवड्यांची चाचणी आली. सगळ्यांचा हिशेब केला तर फरक नाही. चाळिशी ओलांडलेले आणि स्वतःला तंदुरुस्त म्हणवणारे तेवढे वेगळे काढले तर आजारपणाचे दिवस थोडे कमी भरले. 2016 मध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी वेगवेगळ्या फ्लॅव्होनॉइडांच्या 14 चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा श्वसनमार्गाचे संसर्ग सुमारे 33 टक्क्यांनी कमी दिसले. त्यातल्या बऱ्याच चाचण्या लहान होत्या. मला यावरून एवढंच म्हणावंसं वाटतं की नियमित खाण्यात ही द्रव्यं असणं थोडं फायद्याचं असावं. झालेला आजार त्यांनी बरा होतो, हे यातून निघत नाही. आणि 1000 मिलिग्रॅम कांद्यातून मिळवायचं तर रोज तीन किलोच्या आसपास कांदा लागेल. नाशिकवाल्यांना आनंद होईल, घरच्यांना नाही.

जास्त बोललं की आपटतं, हा या घराण्याचा इतिहासच आहे. हंगेरीचे सेंट-ज्यॉर्जी, ज्यांना 1937 मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी आदल्याच वर्षी लिंबू आणि मिरचीतल्या फ्लॅव्होनॉइडांना ‘पी जीवनसत्त्व’ म्हणून जाहीर केलं होतं. केशवाहिन्यांची गळती त्याने थांबते असं त्यांना दिसलं. पुढे तो परिणाम पक्का ठरेना आणि जीवनसत्त्वाची पदवी काढून घ्यावी लागली.

झाडापासून श्वसनाच्या आजारावरचं औषध होतं, याचे दाखले मात्र आपल्या डोळ्यांसमोर आहेत. अडुळसा घ्या. किनवटच्या भागात खोकल्यावर अडुळशाचा पाला उकळून पितात, तसा तो सगळ्या महाराष्ट्रात पितात. त्यातलं कामाचं द्रव्य व्हॅसिसिन. हे फ्लॅव्होनॉइड नव्हे, अल्कलॉइड. त्याच्या रचनेत बदल करत करत 1963 मध्ये ब्रोमहेक्सिन आलं आणि त्यातून ॲम्ब्रॉक्सॉल. तालुक्याच्या औषध दुकानातल्या कफ सिरपच्या बाटलीवर ही नावं वाचा. अडुळसा आहे तिथे, फक्त ओळखू येत नाही. ही औषधं कफ पातळ करतात, विषाणूला हात लावत नाहीत, आणि तसा दावाही करत नाहीत.

दुसरा दाखला बिर्याणीतल्या चक्रीफुलाचा. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध चक्रीफुलातल्या शिकिमिक आम्लापासून बनवत आले. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला, भारतातला पहिला, तेव्हा कोंबड्या मारणाऱ्या कर्मचाऱ्यांना हेच औषध दिलं गेलं. ते फ्लूच्या न्यूरामिनिडेजची कात्री अडवतं. क्वेर्सेटिनही तीच कात्री अडवू पाहतं, पण ओसेल्टामिविर पोटातून फुप्फुसापर्यंत पुरेशा मात्रेत पोचतं. आणि आश्चर्य असं की झाडाच्या पेशीत फ्लॅव्होनॉइडचं एक कडं ज्या वाटेने तयार होतं त्या वाटेवर शिकिमिक आम्ल हाच मुक्काम आहे. पळस, कांदा, ज्वारी, सगळे तिथूनच पुढे जातात. माणसाने त्याच मुक्कामावरून दुसरा फाटा धरला.

2020 ची आठवण ताजी आहे. आयुष मंत्रालयाच्या काढ्याचं प्रमाण होतं तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरं एक. घोटभर गरम काढ्याने घसा शेकतो, जीव रमतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण इथली माणसं दिवसातून पाच-सहा वेळा पिऊ लागली, तोंडं आली, पित्त उसळलं. गुळवेलीचा मारा केलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये लिहिलं. त्यांनी घेतलेली वेल खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी असावी, असं मंत्रालयाचं उत्तर होतं. कोण बरोबर, हा वाद बाजूला ठेवला तरी परसातली वेल नेमकी कोणती आणि ती किती घ्यायची, हे दोन्ही मोजल्याशिवाय औषध होत नाही.

झाडपाल्याच्या औषधांच्या रीतसर चाचण्या त्याच काळात पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाच्या देखरेखीत सुरू झाल्या, हे मला त्या साऱ्या गदारोळातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. काढ्याला चाचणीच्या रांगेत उभं करण्यात काढ्याचा अपमान नाही.

म्हणून इस्लापूरच्या वाचकाला माझं सांगणं असं: कांदा-भाकरी खा, मोसंबी परवडेल तेव्हा खा, पळसाचा रंग रंगपंचमीला खेळा. सर्दी झाली तर वाफ घ्या, अडुळसा प्या. पण घरातलं पाच वर्षांखालचं लेकरू तापलं असेल आणि छाती उडताना दिसत असेल तर ते शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60, वर्षाच्या आतल्याचे 50 आणि त्याहून मोठ्याचे 40 किंवा त्याहून जास्त भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर चुलीवरचं भांडं उतरवा आणि त्याच पावली दवाखाना गाठा.